मारीबायचं पत्र

दिवाळीची आवराआवर संपली, की आमच्याकडे एका पहाटे वारा बाजू बदलतो. दिवसभर समुद्राकडून येणारा खारा वारा दमून बसलेला असतो आणि तुंगारेश्वराच्या डोंगराकडून मतलई सुटते. कोरडी, हलकी, कानाच्या पाळ्यांना आधी जाणवणारी. फुलपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आता ती दोन इमारतींच्या फटीतून जेमतेम आत येते, तरी मला अंथरुणातच कळते. थंडी पडली की कोणाचे गुडघे बोलू लागतात, कोणाचा दमा उठतो. माझा जुना हेवा जागा होतो. साठी ओलांडली तरी तो गेला नाही. वर्षातून एकदा, याच दिवसांत, तो येऊन बसतो आणि मीही त्याला जा म्हणत नाही.

यंदा तो जरा लवकर आला, त्याला कारण माझी नात ईशा. तिच्या शाळेनं मुलांना समाजसेवेचं कार्ड दिलंय. वीस तास काम करायचं, प्रत्येक तासापुढे सही घ्यायची, शेवटी प्रमाणपत्र. ती वृद्धाश्रमात जाऊन आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. परवा कार्ड माझ्यापुढे धरून तिनं सहज विचारलं, तुमच्या वेळी असलं काही होतं का. होतं, म्हटलं, आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. पुढे काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी नववीत होते. शाळा वटार आणि नंदाखाल यांच्या मध्ये, केळीच्या वाड्यांना लागून. वर्गाच्या खिडकीतून पंपाची धडधड ऐकू यायची आणि पाटानं पाणी सुटलं की ओल्या मातीचा वास थेट बाकांपर्यंत यायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी आम्हाला मराठी शिकवणारे राऊत सर प्रार्थनेनंतर पुढे आले. म्हणाले, पहिल्या नंबरांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, यंदा कामाचा करू. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मुलांनी बाहेर पडायचं. कोणी रस्त्याचे खड्डे भरायचे, कोणी विहिरीभोवतालचा गाळ काढायचा, आणि ज्यांना लिहिता-वाचता चांगलं येतं त्यांनी समुद्राकाठच्या कोळीवाड्यात जाऊन तिथल्या बायामाणसांची पत्रं वाचायची, लिहायची. त्या वस्तीतली बरीच पुरुषमाणसं आगबोटीवर नोकरीला होती आणि मागे राहिलेल्या बायकांपैकी फार थोड्यांना अक्षर येत होतं. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात, सर म्हणाले, ज्यांचं काम केलंत तीच माणसं स्टेजवर येऊन तुमचं नाव सांगतील. ते मी नाही ठरवणार.

मला त्या क्षणी खात्री होती की ते नाव माझं असणार. पहिलीपासून माझा पहिला नंबर होता. फळ्यावरचा सुविचार मी लिहायची. माझं अक्षर पाहायला दुसऱ्या शाळेतले मास्तर आले होते, हे मी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. घरी आई, बाबा, काका सगळे आमच्या वाडीच्या बोलीत बोलायचे. मीही लहानपणी तीच बोलत होते. पण शाळेत एकदा मुलं हसली आणि त्या दिवसापासून मी ती बोली फाटकाच्या आत ठेवून निघू लागले. नववीपर्यंत तर मी आईलाही शुद्ध भाषेत उत्तर द्यायची. ती माझ्याकडे पाहुण्यासारखी बघायची.

पत्रांच्या कामासाठी सरांनी आम्हा दोघींना निवडलं. दुसरी फिलोमिना. तिला सगळे फिलू म्हणत. नंदाखालची, भाजी लावणाऱ्या घरातली, उंच, दातांत फट असलेली. तिचं अक्षर म्हणजे ओळ कुठे चालली आहे याचा अक्षरांनाच पत्ता नाही असं. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं वैर होतं. गणितात ती काठावर पास व्हायची आणि पास झाली म्हणून वर्गात पेरू वाटायची. तिला का निवडलं, असं मी सरांना विचारलं होतं. तिला ऐकता येतं, एवढंच ते म्हणाले. मला ते उत्तर वाटलं नाही.

पहिल्या शनिवारी कोळीवाड्यात गेलो तेव्हा बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. उन्हात पांढरे चमकणारे, तोंडात तोंड अडकवून लटकवलेले. तो वास पहिल्यांदा नाकाला झोंबतो, मग अर्ध्या तासानं येईनासा होतो. मला तो शेवटपर्यंत येत राहिला. वस्तीच्या मध्यावर एक जुना क्रूस आणि त्याच्याभोवती दगडी कट्टा होता. तिथे आम्ही बसलो. मी शाईचं पेन, टीपकागद आणि पाटीएवढा पुठ्ठा मांडीवर घेऊन. फिलू बॉलपेन केसांत खोचून.

मी लिहिलेली पत्रं सुंदर होती. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ अशी सुरुवात, मग इकडील सर्व क्षेम, मग मुद्दा, मग आपली कृपाभिलाषी. बाई काहीतरी दहा वाक्यं सांगायची, मी त्याची दोन करायची आणि वाचून दाखवायची. ती मान हलवायची, बरं हाय म्हणायची, निघून जायची. पुढच्या शनिवारी ती फिलूच्या रांगेत असायची. फिलू बाई बोलेल तसं लिहायची. मध्येच पेन थांबवून विचारायची, मग तो बैल आला का परत, सुनेनं काय केलं. दोघी हसायच्या, कधी दोघी गप्प व्हायच्या. कोणी तिच्यासाठी चहा आणायचं, कोणी ओंजळभर सुकट कागदात बांधून द्यायचं. तिसऱ्या शनिवारी तिच्यापुढे सात बाया बसल्या होत्या आणि माझ्यापुढे एकही नाही. मी पेनाची निब पुसत बसले. एक बाई दया येऊन माझ्याजवळ सरकली आणि फिलूच्या समोरची जागा रिकामी होताच उठून गेली.

हेवा मला तोवर ठाऊक होता तो मैत्रिणीच्या नव्या परकराचा, मामेबहिणीच्या लांब केसांचा. तो येतो, दोन दिवस राहतो, जातो. हा तसा नव्हता. फिलूकडे असं काहीच नव्हतं जे मला हवं होतं. तिचे मार्क नको होते, अक्षर नको होतं, तिचं घरही नको होतं. ती चांगली होती आणि तिला ते माहीतही नव्हतं, एवढंच माझ्यानं पाहवत नव्हतं. परकर मागता येतो. चांगुलपणा कोणाकडे मागायचा? आणि त्यासाठी जळतेय हे कोणाला सांगायचं? सेवेला गेलेल्या मुलीच्या पोटात हे चाललंय, हे ऐकून कोण विश्वास ठेवेल? मी रात्री देवाला दिवा दाखवल्यावर मागायची की पुढच्या शनिवारी फिलूला ताप येऊ दे. थोडाच, असंही म्हणायची.

त्याच सुमारास दोन पत्रं अपुऱ्या पत्त्यामुळे परत आली. दोन्ही फिलूनं लिहिलेली. सरांनी ठरवलं की यापुढे सगळी पत्रं न चिकटवता माझ्याकडे द्यायची, मी पत्ते तपासून पेटीत टाकायची. फक्त पत्ते. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि मी स्पष्ट ऐकलं होतं.

मारीबाय त्या कट्ट्यापासून तिसऱ्या घरात राहायची. साठीच्या आसपासची, विधवा, लुगड्याचा काष्टा घट्ट आणि आवाज त्याहून घट्ट. तिचा एकुलता एक मुलगा पास्कू आगबोटीवर होता. त्याचं पत्र कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर टाकायचं, तिथून ते बोट असेल त्या बंदराला जायचं. एका शनिवारी मारीबायनं पास्कूचं आलेलं पत्र घेऊन फिलूला घरात बोलावलं. बाहेर कट्ट्यावर मी एकटी. आतून आधी काही ऐकू आलं नाही, मग मारीबायचं मोठ्यानं हसणं, मग पुन्हा बराच वेळ काही नाही. दोन तासांनी फिलू बाहेर आली ती डोळे पुसत. निळं आंतर्देशीय पत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, हे आजच टाक, तिला घाई आहे.

मी ते घरी नेलं. परसात केळीची पानं दुपारच्या वाऱ्यात चिरत होती. मागच्या ओट्यावर बसून मी पत्ता पाहिला. पत्ता बरोबर होता. मग मी पत्र उघडलं.

सगळीकडे पानी, कोन, आनि. एकही पूर्णविराम नाही. मारीबाय मुलाला सांगत होती की परवा ताटातला बोंबील म्हणून तिनं जाळ्याची दोरी उचलून तोंडात घातली आणि शेजारणी हसून लोळल्या, तीही हसली. क्रुसाच्या पायऱ्या हल्ली एकीच्या दोन झाल्यात, कोणत्या खऱ्या पायरीवर पाय ठेवायचा हे विचारावं लागतं. देवळात मेणबत्ती लावायला गेली तर ज्योतीभोवती रंगीत कडं दिसतं, दर मेणबत्ती संत झाल्यागत. घरातली कोंबडी हरवली म्हणून गावभर शोधली आणि ती पायाशीच होती. असं ते कागदाच्या घडीवरसुद्धा वळून वळून लिहिलेलं. वाचताना मी हसले. ओट्यावर एकटी बसून मोठ्यानं हसले. मारीबाय माझ्यापुढे उभी राहिली, काष्ट्यासकट.

आणि मग मला कळलं की असं पत्र मी जन्मात लिहू शकणार नाही.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यात चुका होत्या म्हणून मी ते पुन्हा लिहिलं. खोटं आहे. ते चांगलं होतं म्हणून मी ते फाडलं. चार तुकडे केले आणि पाण्याच्या पाटात सोडले. मग कोरं आंतर्देशीय घेऊन माझ्या अक्षरात लिहिलं: चि. पास्कू यास आईचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले, वाचून आनंद झाला. माझी प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी. इकडे थंडी बरी पडली आहे. आपल्या कामात लक्ष घालावे. खाली मारीबायचं नाव. समास सोडलेला, ओळी सरळ. पेटीत टाकताना मला हलकं वाटलं.

त्यानंतरचे दिवस अजून माझ्या अंगावर आहेत. केळीच्या पानांवर पहाटे दव इतकं साचायचं की पान हलवलं तर अंघोळ व्हायची. आगाशीकडून येताना अंगणाअंगणांत सुकेळी वाळत घातलेली दिसायची आणि गोडसर जाड वास वाटभर सोबत यायचा. कोळीवाड्यात बांबूच्या कामट्यांचे कंदील तयार व्हायला लागले. नाताळ जवळ आला होता. त्या आठवणीत एक गोष्ट फार लाजिरवाणी आहे: मी त्या दिवसांत खूश होते. फाडलेल्या पत्राबद्दल कोणी काही विचारलं नाही आणि विचारलं नाही म्हणजे काही घडलं नाही, असं मला वाटत होतं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी फिलू घरी फराळाच्या तयारीला राहिली होती. मी एकटीच गेले. मारीबाय हातात पत्र घेऊन कट्ट्यावर येऊन बसली होती. पास्कूचं उत्तर. तिनं ते माझ्या दिशेनं पुढे केलं, हात जरा चुकला, मी पुढे होऊन घेतलं.

पास्कूनं लिहिलं होतं की जानेवारीत त्याची बोटीवरची मुदत संपते. घरी सगळं ठीक असेल तर आणखी एक सफर घेतो, नाहीतर उतरतो, असं त्यानं मागच्या पत्रात विचारलं होतं. तुझी प्रकृती उत्तम असल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. म्हणून त्यानं पुढच्या सफरीवर सही केली आहे. पुढच्या वर्षीच्या नाताळला नक्की घरी. म्हणजे आणखी एक वर्ष.

मी वाचत होते आणि माझाच आवाज मला लांबून येत होता. पत्र संपलं. मांडवावरच्या बोंबलांवर कावळे उतरले होते, ते हाकायलाही कोणी उठलं नाही.  मग मारीबाय म्हणाली, “मी तर त्याला दोरीचं सांगितलं व्हतं. पायरीचं सांगितलं. फिलूनं लिवलं नाय का?”

तेव्हा मला समजलं. डोळे जाताहेत असं तिला सरळ सांगवत नव्हतं. लेकाला घाबरवायचं नव्हतं आणि त्याची नोकरीही मोडायची नव्हती. म्हणून फिलूनं दोन तास बसून ते तिच्याकडून हसत हसत काढून घेतलं होतं, की वाचणाऱ्याला हसता हसता कळावं. मी त्यातलं हसू कापलं होतं आणि त्याबरोबर सगळंच.

मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “मला माहीत नाही, मावशी.”

पुढचं सगळं मी काही न करता घडलं. कोळीवाड्यात बातमी पसरली की नंदाखालच्या पोरीला नीट लिहिता येत नाही, तिनं काहीतरी भलतंच लिहिलं म्हणून पास्कू आता येणार नाही. नाताळनंतरच्या शनिवारी फिलूच्या समोर कोणी बसलं नाही. सगळी रांग माझ्यापुढे. फिलू थोडा वेळ बॉलपेन उघडत-मिटत राहिली. परत येताना केळीच्या वाडीजवळ तिनं मला विचारलं, मी दिलेलं पत्र तू टाकलंस ना, नलू? टाकलं, मी म्हटलं. तिनं मान हलवली. मग माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आता बायका माझ्यासाठी चहा आणत होत्या. मीही दहा वाक्यांची दोन करणं सोडलं होतं, जसं सांगतील तसं लिहीत होते. आणि तरी हेवा गेला नाही. कारण फिलू यायची थांबली नाही. पेन नसताना ती येऊ लागली. बायकांबरोबर बसून सुके बोंबील निवडायची. मारीबायचा हात धरून तिला देवळात न्यायची, पायरी आली की हळूच सांगायची. कोणी तिच्याकडे नीट बघत नव्हतं, तरी ती यायची. कट्ट्यावरून मी तिला बघायची आणि पत्र सांगणाऱ्या बाईला म्हणायची, पुन्हा सांगा, माझं लक्ष नव्हतं. मला चहा, रांग, कौतुक असं काहीतरी लागत होतं. तिला काहीच लागत नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलं की कोळीवाड्याच्या बायकांनी नाव कळवलंय. नलिनी. स्नेहसंमेलनात त्या स्वतः येऊन हार घालणार. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं. फिलू टाळ्या वाजवत होती. उगीच वाजवाव्यात तशा नव्हे, दोन्ही हात वर धरून, दातांतली फट दिसेल इतकं हसत. माझ्याजागी ती असती तर मी टाळी वाजवली नसती हे मला ठाऊक होतं. मधली सुट्टी झाली तशी मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि सरांना सगळं सांगितलं. पाटात सोडलेल्या तुकड्यांपर्यंत.

सर रागावले नाहीत. चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. मग म्हणाले, “चांगल्या कामातही पहिलं यायचं असतं, हे तुला आम्हीच शिकवलं. सत्कार होईल, तो थांबवायचा नाही. पण त्याआधी तू तिकडे जा. आणि एकटी जा.”

मी त्याच दुपारी गेले. फिलू तिथे होतीच, मारीबायच्या ओटीवर. शेजारच्या चार-पाच बायाही होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. मधे थांबले असते तर पुढे सांगता आलं नसतं, म्हणून न थांबता सांगितलं. कोणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मारीबाय माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसली होती.

“फाडलंस?” तिनं विचारलं.

हो म्हटलं.

“दोरीचं बी?”

हो.

“ते सांगताना मला लय लाज वाटली व्हती,” ती म्हणाली. “आता परत सांगायला लावतेस.”

 फिलू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं मारीबायला पाणी दिलं. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मी निघताना उंबऱ्याशी एवढंच म्हणाली, “माझं जाऊ दे. तिचे दोन महिने गेले, नलू.”

पत्र पुन्हा लिहिलं गेलं. फिलूच्याच हातानं. सरांनी स्वतः ते मुंबईला कंपनीच्या कचेरीत नेऊन दिलं, पण बोट तोवर निघून गेली होती. पत्र तिच्यामागे बंदराबंदरांनी फिरत राहिलं.

स्नेहसंमेलन ठरल्याप्रमाणे झालं. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मुलांना गाडीवाले येऊन शाबासकी देऊन गेले. विहिरीचा गाळ काढणाऱ्यांसाठी त्या आळीतल्या बायकांनी घागर भरून सरबत आणलं. टाळ्यांनी पत्र्याचा मांडव हलत होता. मग मारीबायला दोघींनी धरून स्टेजवर आणलं आणि तिनं फिलूच्या गळ्यात अबोलीचा हार घातला, चाचपडत, आधी कानाला लागला मग नीट बसला. माइकसमोर ती म्हणाली की या पोरीनं माझं ऐकून घेतलं, बाकी मला भाषण येत नाय. मी तिसऱ्या रांगेत होते. मी टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात वर धरून. खरं सांगून टाकलं की माणूस आतून धुऊन निघतो असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मांडवात बसून मी जळतच होते. फक्त आता मला त्याचं नाव माहीत होतं.

ईशा तिच्या कार्डावर सह्या मोजते तेव्हा मला हसू येत नाही. मुलांना कौतुकाचं आमिष दाखवू नये, असं आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणतात. मला ते पटत नाही. मीही आमिषानंच गेले होते. गेले नसते तर मारीबायचं पत्र फाटलं नसतं हे खरं, पण मग केळीच्या वाडीच्या कुंपणापलीकडे कोणी राहतं हेही मला कळलं नसतं. आमच्यानंतरच्या मुलांनीही त्या वस्तीत जाणं चालू ठेवलं. दोन-तीन वर्षांत तिथल्या सुनांना स्वतः पत्र लिहिता येऊ लागलं. हेव्यानं पोखरलेल्या माझ्यासारख्या मुलीनंही त्यातलं थोडं काम केलं. दहावीचं वर्ष संपेपर्यंत मी जात राहिले. घरी आईशी पुन्हा आमच्या बोलीत बोलू लागले ते तेव्हापासून. पहिल्यांदा बोलले तेव्हा ती चुलीपाशी थांबली आणि तिनं फुंकणी खाली ठेवली.

पास्कू एप्रिलच्या शेवटी आला. सफर मध्येच सोडून. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला तेव्हा तो शाळेच्या फाटकाशी उभा होता, उन्हानं काळा पडलेला, हातात निळी दोन पत्रं. फिलू माझ्याबरोबर होती. त्या दिवसांत आम्ही पुन्हा एकत्र चालायला लागलो होतो, फारसं न बोलता. त्यानं विचारलं, पहिलं पत्र कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. मी मान खाली घालून उभी राहिले.

“आई कधी ‘प्रकृती उत्तम’ असं बोलत नाही,” तो म्हणाला. “ते मला तेव्हाच कळलं होतं, पोरी. पण मला ती सफर हवी होती. म्हणून मी ते खरं मानलं.”

त्यानं ते पत्र मला परत केलं नाही आणि फाडलंही नाही. दोन्ही घडी करून खिशात ठेवली आणि कोळीवाड्याच्या रस्त्याला लागला. माझ्या अपराधातला मोठा वाटा तो असा सहज उचलून गेला आणि मी तो उचलू दिला.

मे महिन्यात त्यानं आईला मुंबईच्या इस्पितळात नेलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून फिलू गेली, तिला सुट्टी होती. मलाही होती. मला कोणी विचारलं नाही आणि विचारण्यासारखं मी काही ठेवलंही नव्हतं. उजवा डोळा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आला असतात तर दोन्ही वाचले असते. डाव्याचं ऑपरेशन झालं.

पंधरा दिवसांनी फिलू परत आली तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती मागच्या बाजूला वांग्यांना पाणी सोडत होती. मी कडेला उभी राहून विचारत गेले आणि ती सांगत गेली, खाट कुठली होती, नर्स कशी होती, पट्टी किती दिवसांनी सोडली. पट्टी सोडली तेव्हा तू तिथे होतीस का, मी विचारलं. होते, ती म्हणाली. पास्कू डॉक्टरांबरोबर कागदावर सह्या करायला गेला होता.

“मग आधी काय दिसलं तिला?”

फिलूनं फावड्यानं पाटाचं तोंड बंद केलं, पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“मी,” ती म्हणाली.

तो एक शब्द ऐकताना मला तिचा जो हेवा वाटला, तेवढा आयुष्यात नंतर कोणाचाही वाटला नाही. तोच अजून दर थंडीत येतो.